जर्मनीत शिकताना रीतसर काम : वहीतले अर्धे आणि पूर्ण दिवस

जर्मनीत येऊन तिसरा आठवडा चालू होता, तेव्हा मला पहिलं काम सांगून आलं. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायची, भांडी घासायची. संध्याकाळी सहा ते अकरा, तासाला ९ युरो, पैसे रोख हातावर. मालक बोलायला चांगला होता. आधी बसवून चहा पाजला. मी कराराचं विचारलं तेव्हा म्हणाला, "आधी दोन महिने बघू, जमलं तर कागदाचं करू."

हा ऑक्टोबर २०२३. तेव्हा जर्मनीत कायद्याने ठरलेलं किमान वेतन तासाला १२ युरो होतं. आपल्याला तीन युरो कमी मिळणार हे मला कळत होतं, तरी परतीच्या ट्राममध्ये मी मनातल्या मनात बेरीज करत होते. ब्लॉक अकाउंटमधून, म्हणजे खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायच्या खात्यातून, दरमहा ९३४ युरो सुटायचे. वर्षाचे ११,२०८ युरो येण्याआधीच भरावे लागले होते आणि ते घरच्यांनी कर्ज काढून भरले होते. खोलीचं भाडं ३२०, विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा सुमारे १२०, मग मोबाइल, किराणा. महिनाअखेर थोडंफार उरायचं, पण डोक्यावर कर्ज असलं की उरलेले पैसेही आपले वाटत नाहीत.

वसतिगृहात दोन वर्षं आधी आलेली एक ताई होती. तिच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "नको जाऊस. उद्या तिथे तुझ्या हातावर उकळतं तेल सांडलं, तर तो सगळ्यात आधी हेच सांगेल की ही मुलगी इथे कामाला नव्हतीच." मी तिला दर बरा आहे का, एवढंच विचारायला गेले होते. तिचं हे बोलणं मात्र मनात रुतून बसलं. मी नकार कळवला. आमच्याच मजल्यावरच्या एका मुलाने ते काम धरलं. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

रीतसर काम करायचं तर सुरुवात पत्त्यापासून होते. राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंद करायची असते. त्यासाठी घर देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो. आम्हाला तो वसतिगृहाच्या ऑफिसातून मिळाला. खिडकीवर दहा-पंधरा मिनिटांत काम झालं. ही नोंद झाली की बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयातून अकरा आकडी श्टॉयर-आयडी, म्हणजे कर क्रमांक, आपोआप पोस्टाने घरी येतो. तो फोनवर सांगत नाहीत, ईमेलवर पाठवत नाहीत. पोस्टानेच येतो.

माझ्याबरोबर नोंद केलेल्या मुलींची पत्रं आली, माझं येईना. तीन आठवडे झाले. मग एक दिवस वसतिगृहाचा हाउसमाइस्टर, म्हणजे देखभाल करणारे काका, मला हाताला धरून खाली पत्रपेट्यांपाशी घेऊन गेले आणि बोट दाखवलं. आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. इथे पोस्टमन खोली क्रमांक बघत नाही, पेटीवरचं आडनाव बघतो. आडनाव नसेल तर पत्र परत. मी त्याच मिनिटाला कागदाची पट्टी कापली, आडनाव ठळक लिहिलं, सेलोटेपने चिकटवलं. कर क्रमांकासाठी संकेतस्थळावरून पुन्हा अर्ज केला आणि पुन्हा वाट बघितली. त्या पट्टीपायी माझा जवळजवळ महिना गेला. आता कोणीही नवीन आलं की बॅगा उघडण्याआधी मी त्यांना पेटीवर नाव लावायला पाठवते.

कर क्रमांक नसला तरी काही ठिकाणी कामावर घेतात, पण मग पगारावर सहाव्या वर्गाची कर आकारणी होते आणि ती सगळ्यात जास्त असते. एकट्या, अविवाहित माणसाला पहिला वर्ग लागतो. क्रमांक दिल्यावर हिशेब दुरुस्त होतो, पैसे बुडत नाहीत. पण पहिल्याच महिन्यात खिशाला चाट बसली की जीव घाबरतो.

१ डिसेंबरपासून मला एका सुपरमार्केटमध्ये फळ्या भरण्याचं काम मिळालं. मिनीजॉब. म्हणजे महिन्याला ठरावीक रकमेच्या आतलं काम. २०२३ मध्ये ती रक्कम ५२० युरो होती, २०२४ मध्ये ५३८ झाली, २०२५ मध्ये ५५६. किमान वेतनही तसंच चढत गेलं : १२ वरून १२.४१, मग १२.८२. सही करण्याआधी मॅनेजर बाईंनी माझा पासपोर्ट, व्हिसाचं पान आणि विद्यापीठात प्रवेश चालू असल्याचा दाखला मागितला आणि प्रत्येकाची प्रत काढून फाइलला लावली. मला आधी वाटलं, परदेशी म्हणून जास्त तपासतायत. तसं नव्हतं. परदेशी माणसाला कामावर घेताना त्याला कामाची परवानगी आहे का हे बघणं आणि त्या कागदाची प्रत जवळ ठेवणं हे मालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे. जो मालक हे कागद मागतच नाही, तो तुमची नोंदही करणार नसतो.

करारासोबत चार पानी प्रश्नावली होती. त्यात एक चौकोन होता : पेन्शनच्या वर्गणीतून सूट हवी का. मिनीजॉबमध्ये कामगाराचा वाटा ३.६ टक्के असतो आणि अर्ज करून तो टाळता येतो. ५२० युरोंवर ते होतात १८ युरो आणि काही सेंट. मी सूट घेतली. तेव्हा ते १८ युरो मला फार होते, आणि आजही तो निर्णय चुकला असं वाटत नाही.

आता दिवसांच्या हिशेबाचं. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ मी इथेच बघितला आहे. शिक्षणासाठी मिळणाऱ्या जर्मन परवान्यावर किती काम करायचं हे तेव्हा दिवसांत मोजलं जायचं : वर्षात १२० पूर्ण दिवस किंवा २४० अर्धे दिवस. चार तासांपर्यंत काम केलं तर अर्धा दिवस. चारच्या वर एक मिनिट गेलं की पूर्ण. आमच्यातली बरीच मुलं "आठवड्याला २० तास" एवढंच पाठ करून ठेवतात. २० तासांचा नियम आहेच, पण त्याचं मूळ प्रामुख्याने विम्यात आहे : सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर गेलात की तुम्ही आधी विद्यार्थी उरत नाही, आधी कामगार ठरता, आणि विद्यार्थ्यांच्या विम्याची सवलत जाते. परवान्यावरचे दिवस हा दुसरा हिशेब. दोन्ही एकाच वेळी पाळावे लागतात, आणि ते दोन वेगवेगळी खाती बघतात.

माझी शिफ्ट सहा ते दहा, बरोबर चार तास. पहिल्या दिवसापासून मी एक शंभर पानी वही केली. पाच रकाने आखले : तारीख, आलेली वेळ, गेलेली वेळ, विश्रांती, आणि शेवटी अर्धा की पूर्ण.

२२ डिसेंबरला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दहाला दहा मिनिटं असताना शिफ्टच्या प्रमुख बाई आल्या आणि म्हणाल्या, अर्धा तास थांबशील का? ट्रॉल्या तशाच पडल्या होत्या, त्या स्वतः घामाघूम होत्या. नाही म्हणायला जीभ रेटेना. माझं जर्मन तेव्हा बी१, म्हणजे मधल्या पातळीच्या, अलीकडे. मी खिशातून वही काढली, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "चार तास, अर्धा दिवस. साडेचार तास, पूर्ण दिवस. माझे दिवस कमी होतात." त्यांनी वही हातात घेतली, दोन ओळी वाचल्या आणि मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझी शिफ्ट अर्धा तास उशिरा सुरू केली, म्हणजे गर्दीच्या शेवटी मी असेन आणि तास तेवढेच राहतील. मला वाटलं होतं काम जाईल. उलट त्या दिवसापासून त्या मला नावाने हाक मारू लागल्या.

जानेवारीत दुसरी अडचण आली. माझ्या व्हिसाची मुदत २० जानेवारीला संपत होती. निवासी परवान्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे मी नोव्हेंबरमध्येच अर्ज केला होता, पण भेटीची तारीख मिळाली १४ मार्च. मुदत संपण्याआधी अर्ज पोहोचला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू मानला जातो, कामाच्या हक्कासकट. पण हे दुकानाच्या मुख्य कार्यालयाला कसं दाखवायचं? त्यांच्या संगणकावर २० जानेवारी ही तारीख होती आणि त्यापुढच्या तक्त्यात माझं नाव येईना. मॅनेजर बाई म्हणाल्या, "मला सगळं पटतं, पण मला कागद लागेल."

त्या कागदाला फिक्ट्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. नाव लांबलचक, काम साधं : याचा अर्ज विचाराधीन आहे आणि तोवर याला राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आहे, एवढं त्यावर लिहिलेलं असतं. मी ईमेल केले, फोन लावले, दोनदा जाऊन दारावरच्या माणसाला विचारलं. तीन आठवडे काम बंद राहिलं. त्या तीन आठवड्यांत मला रडू येऊन गेलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आपण सगळं नियमाने केलेलं असतं आणि तरी आपण घरी बसलेलो असतो. शेवटी उपयोगी पडली ती नोव्हेंबरची पोच. ऑनलाइन अर्ज केल्यावर आलेला एका ओळीचा ईमेल मी तारखेसह छापून ठेवला होता. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षातल्या बाईंनी तो जोडून स्वतः पत्र लिहिलं आणि ९ फेब्रुवारीला तो कागद माझ्या हातात पडला.

त्याच महिन्यात आमच्या मजल्यावरच्या त्या मुलाचं बिनसलं. त्याच्या हॉटेलमालकाने जानेवारीचे पैसे दिलेच नाहीत. आधी "पुढच्या आठवड्यात", मग "धंदा मंद आहे", मग फोन उचलणं बंद. साधारण ६०० युरो. तो स्वयंपाकघरात गॅसपाशी उभा राहून मला म्हणाला, "कुणाकडे जाऊ सांग? मी तिथे आहे हेच कुठे लिहिलेलं नाही."

मी त्याला विद्यार्थी संघटनेच्या मोफत कायदा सल्ल्याला घेऊन गेले. तिथल्या वकिलांनी सांगितलेली एक गोष्ट मला माहीत नव्हती : जर्मनीत तोंडी करारही करारच असतो, आणि नोंद नसली तरी केलेल्या तासांचं किमान वेतन मागता येतं. त्यासाठी पुरावा हवा. व्हॉट्सॲपवरचे निरोप, कोणत्या दिवशी किती वाजता कोण सोबत होतं याची टिपणं. त्याच्याकडे निरोप थोडे होते, टिपणं मुळीच नव्हती. आणि त्याच्या मनात भीती होती. ब्लॅकमधलं, म्हणजे नोंद न केलेलं, काम शोधायला सीमाशुल्क खात्याचा, त्सोलचा, खास विभाग हॉटेलांत आणि बांधकामांवर तपासणीला जातो हे त्याने ऐकलेलं. आपण तक्रार केली तर आधी आपल्याच परवान्याला धक्का लागेल, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने ते पैसे सोडून दिले. मला आजही याचं वाईट वाटतं. तो आळशी नव्हता, लबाड नव्हता. पाच तास उभं राहून त्याने खरोखर काम केलं होतं.

मार्च २०२४ मध्ये नियम बदलला. १ मार्चपासून १२० चे १४० पूर्ण दिवस झाले, २४० चे २८० अर्धे. त्याहून मोठा बदल म्हणजे आठवड्याने मोजायची सोय झाली : शिकवणी चालू असताना आठवड्यात २० तासांच्या आत काम केलं, तर ते कसंही विभागलेलं असो, तो आठवडा अडीच दिवसांचा धरता येतो. ५२ आठवडे गुणिले अडीच, १३०. म्हणजे वर्षभर २० तासांची नोकरी केली तरी १४० च्या आत. आधी दिवसाला साडेसहा तास, आठवड्याला तीन दिवस असं काम घेणाऱ्याचे १२० दिवस चाळीस आठवड्यांत संपायचे. ज्यांनी हा जुना हिशेब केलेला आहे त्यांनाच या बदलाची किंमत कळेल.

१४ मार्चला बोटांचे ठसे, फोटो, शुल्क. एप्रिलमध्ये कार्ड आलं, सप्टेंबर २०२५ पर्यंतचं. सोबत पासपोर्टाच्या आकाराची घडी होणारा एक कागद असतो, त्सुझात्सब्लाट, म्हणजे पुरवणी. कार्ड सगळे जपतात, हा कागद कपाटात टाकतात. खरं तर काय करता येईल आणि काय नाही हे सगळं त्यावरच छापलेलं असतं. माझ्या कागदावर दोन गोष्टी होत्या : १४० दिवस किंवा २८० अर्धे दिवस आणि विद्यापीठातली विद्यार्थी कामं चालतील, स्वतंत्र व्यवसाय चालणार नाही.

त्या दुसऱ्या ओळीने मला एका चुकीतून वाचवलं. मे महिन्यात भारतातल्या एका शिकवणी कंपनीकडून विचारणा आली. शाळेच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवायचं, रोज दीड तास, पैसे माझ्या भारतातल्या खात्यात. कंपनी भारतातली, मुलं भारतातली, पैसे भारतात. जर्मनीचा काय संबंध? मी ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी हेच सांगितलं. करारात मला "स्वतंत्र सल्लागार" म्हटलं होतं, तिथे मी अडले. त्सुझात्सब्लाट घेऊन पुन्हा विद्यार्थी कक्षात गेले. त्या बाईंनी विचारलं, "शिकवताना तू कुठे बसलेली असशील?" मी म्हटलं, माझ्या खोलीत. "मग काम इथे होतंय." पैसे कुठे जमा होतात याने काही बदलत नाही. माणूस जिथे बसून काम करतो तिथला नियम लागतो, आणि स्वतंत्र व्यवसायासाठी वेगळी परवानगी मागावी लागते. मागता येते, कधी मिळतेही. पण ती न मागता सुरू केलं तर ते बेकायदा.

मी नाही म्हटलं. डिलिव्हरीचं कामही असंच नीट बघून घ्यावं लागतं. कंपनीने रीतसर नोकरीचा करार दिला तर ते तुमच्या दिवसांत मोजलं जाणारं साधं काम आहे. तुम्हाला स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदवत असतील तर ते आपल्या परवान्यात बसत नाही. आणि दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर सायकल चालवणं हा तर सरळ खड्डा आहे. अपघात झाला तर रस्त्यावर पडलेला माणूस एक आणि कागदावरचा दुसरा.

सुपरमार्केट मी मार्चअखेर सोडलं, कारण एप्रिलपासून विभागात हिवी म्हणून घेतलं होतं. विद्यापीठातली ही सहायकाची कामं त्या १४० दिवसांत धरत नाहीत. महिन्याला ४० तास. धातूचे नमुने राळेत बसवायचे, मग वाळूच्या कागदावर पाणी सोडत घासायचे, खरखरीत कागदापासून अगदी मऊपर्यंत, शेवटी पॉलिश, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली. एक ओरखडा राहिला तरी मागच्या कागदावर परत जायचं. काम शांत होतं आणि मला फार आवडलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये वेर्कश्टुडेंट झाले, म्हणजे आपल्या विषयातल्या कंपनीत शिकता शिकता नोकरी. पन्नासाहून जास्त अर्ज केले होते. जर्मन बी१ झालं नसतं तर ते अर्ज शंभर झाले असते. तासाला १४ युरो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शिकवणी नव्हती म्हणून पूर्णवेळ, ऑक्टोबरपासून महिन्याला ८० तास.

ऑक्टोबरचं पगारपत्रक मी अजून जपून ठेवलंय. ब्रुटो, म्हणजे एकूण पगार, १,१२० युरो. त्याखाली आरोग्य विमा शून्य, बेकारी विमा शून्य, शुश्रूषा विमा शून्य, कारण वेर्कश्टुडेंटला ही कपात लागत नाही. तो विद्यार्थी दराने आपला विमा आपण भरत असतो. आयकर शून्य, कारण एवढ्या पगारावर महिन्याचा कर बसत नाही. एकच कपात होती, पेन्शनची. मी ९.३ टक्क्यांनी १०४ युरो धरून बसले होते, प्रत्यक्षात ७४ कापले होते. पगारपत्रक चुकलं असं समजून मी हिशेब विभागात गेले. तिथल्या बाईंनी समजावलं की मिनीजॉबच्या मर्यादेपासून २,००० युरोपर्यंतच्या पगाराला कामगाराचा वाटा कमी लागतो आणि हळूहळू पूर्ण टक्क्यांपर्यंत चढतो. हाताशी आले १,०४६. त्या रात्री मी ब्लॉक अकाउंटमधल्या पैशांना हात न लावता भाडं भरलं.

जानेवारी २०२५ मध्ये मला ताप आला, पाच दिवस. डॉक्टरांकडे गेले. आजारपणाचा दाखला २०२३ पासून विमा कंपनीमार्फत ऑनलाइनच मालकाला मिळतो, मला फक्त सकाळी फोन करून कळवायचं होतं. महिनाअखेर पगारपत्रक उघडलं. १,१२० च. आजारपणाचे तास भरून धरलेले. नोकरीला चार आठवडे झाले की सहा आठवड्यांपर्यंत आजारपणात पगार मिळतो, आठवड्याला दहा-वीस तास काम करणाऱ्यालासुद्धा. वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजाही. ती मी परीक्षेच्या आधी घेतली. तापात पडलेली असताना मला त्या उकळत्या तेलाची आठवण झाली, आणि मी ताईला मेसेज केला. तिने फक्त एक हृदय पाठवलं.

त्याआधी ३१ डिसेंबर २०२४ ला वहीत वर्षाची बेरीज मांडली होती. सुपरमार्केटचे २६ अर्धे दिवस, म्हणजे १३. सुट्टीतल्या पूर्णवेळ कामाचे मी सावधपणे पूर्णच दिवस धरले, ४३. ऑक्टोबर ते डिसेंबर १३ आठवडे, अडीचने ३२.५. एकूण ८८.५. आत्तापर्यंत ती वही मला कोणी मागितलेली नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या पूर्ण पगारातून मात्र आयकर कापला गेला होता, दर महिन्याला शंभराहून जास्त. वर्षाची कमाई करमुक्त मर्यादेच्या आत असली की तो परत मागता येतो. एल्स्टर या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडलं. त्याचाही सक्रिय करण्याचा संकेतांक पोस्टानेच येतो. पेटीवर माझं नाव होतंच. दोन संध्याकाळी बसून विवरण भरलं आणि काही आठवड्यांनी सगळी रक्कम परत आली.

जुलै २०२५ मध्ये परवान्याची मुदतवाढ मागायची वेळ आली. तोवर दरमहा ९९२ युरोंची सोय दाखवावी लागत होती. मी करार, सहा पगारपत्रकं आणि बँकेचा उतारा ठेवला. अधिकारी बाईंनी प्रत्येक पत्रकाच्या शेवटच्या आकड्यावरून पेन्सिल फिरवली, करार पुढे चालू आहे ना एवढं विचारलं आणि फाइल बंद केली. त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या मुलाचीही भेट होती. हॉटेल सुटल्यावर त्याने आणखी दोन ठिकाणी ब्लॅकमध्येच काम केलं होतं. त्याने कमावलेलं खात्यात शंभर-दोनशे करून भरलेलं होतं. हे कुठून आले, असं विचारल्यावर त्याला सांगता येईना. दीड वर्ष राबून त्याच्या उत्पन्नाच्या जागी काहीच नव्हतं. ठरवून दिलेल्या तारखेच्या आत त्याच्या मोठ्या भावाने पैसे जमवून त्याचं ब्लॉक अकाउंट पुन्हा भरलं.

ऑगस्टमध्ये तो मी सोडलेल्या त्याच सुपरमार्केटमध्ये लागला. महिन्याने एका रात्री त्याने माझ्या दारावर टकटक केली. हातात पाकीट होतं, नुकतंच फोडलेलं. "बघ ना जरा," म्हणाला, "यातली कुठली ओळ कशाची?" आम्ही स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, मी पेन घेतलं आणि सगळ्यात वरून, त्याच्या नावापासून सुरुवात केली.